रेहेकुरीचा माळ

अहिल्यानगरहून दक्षिणेस कर्जतच्या दिशेने निघाले की पर्जन्यछायेतला माळ सुरू होतो. उन्हाळ्यात येथे मातीचा आणि गवताचा रंग एकच होऊन जातो. मध्ये कुठे हिवर, कुठे बोर, कुठे बाभूळ. देऊळगाव रेहेकुरीजवळ अशाच पिवळ्या गवतात एखादे झुडूप हलल्याचा भास होतो आणि ते झुडूप मान वर करते. पिळदार शिंगे, काळीभोर पाठ, पांढरेशुभ्र पोट आणि डोळ्यांभोवती पांढरी कडी. काळवीट! जवळच बदामी रंगाच्या माद्या चरत असतात. एकीला चाहूल लागली की ती जागीच उंच उसळी घेते आणि पाठोपाठ सारा कळप उड्या घेत दूर जातो.

काळविटांसाठी येथे १९८० साली अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे साडेपाचशे एकरही नाही. एखाद्या मोठ्या गावाचे शिवार याहून विस्तीर्ण असते.

संस्थानी काळात काळवीट हे करमणुकीचे सावज होते. कोल्हापूर संस्थानात तर शिकवलेले चित्ते त्याच्यामागे सोडीत. पुढे चित्ता देशातून नाहीसा झाला, काळवीट मात्र कसेबसे उरले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत घातले. मग ते वनखात्याच्या जमिनीवर असो, गायरानात असो वा कोणाच्या खासगी शेतात, त्याची शिकार हा गुन्हा ठरला. त्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे.

याच माळावर कायद्याने आणखी एक रेघ ओढली होती, आणि ती फार मोठी होती. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर व नगर जिल्ह्यांत जाहीर झालेले अभयारण्य तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरांचे होते. कर्जत आणि श्रीगोंदा तालुक्यांतील भागही त्यात आला. नकाशावर ते भव्य दिसे. पण त्या रेघेच्या आत गावे, बाजारपेठा, रस्ते आणि हजारो खातेदारांच्या जमिनी होत्या. स्वतःच्या जमिनीचे व्यवहार अडू लागल्यावर लोकांच्या मनात पक्ष्याविषयी माया कशी उरावी? दरम्यान कालव्यांचे पाणी आले, माळ नांगरले गेले, ऊस उभा राहिला. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याला जागा उरली नाही. पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणले गेले. माळढोक मात्र आज महाराष्ट्रात जवळजवळ दिसेनासाच झाला आहे.

रेहेकुरीची रेघ लहान, पण ती सरकारी जमिनीवर होती. राखणदाराला ती पायी फिरून पाहता येत होती आणि गावकऱ्यांनाही ती कोठून कोठे जाते हे ठाऊक होते. ती टिकली. माळाला ‘पडीक’ म्हणण्याची आपली जुनी खोड पाहता हे थोडे नव्हे. अनेक ठिकाणी असे पडीक सुधारण्याच्या उत्साहात गवतावर झाडे लावून माळच संपवण्यात आले आहेत.

अर्थात काळविटाला हद्द कळत नाही. साडेपाचशे एकरांत कळप वाढला की तो बाहेर पडणारच, आणि बाहेर कोवळी ज्वारी असते. रब्बीच्या दिवसांत बांधालगतचा शेतकरी मचाणावर रात्र काढतो, पत्र्याचा डबा वाजवतो, आरोळ्या ठोकतो. हुसकावण्यापलीकडे तो काही करू शकत नाही, आणि करूही नये. नुकसानीचा अर्ज, पंचनामा आणि भरपाई अशी वाट शासनाने घालून दिली आहे. पण पंचनाम्यात खाल्लेले पीक मोजले जाते, जागलेल्या रात्री नव्हे. अभय सरकारने दिले, त्याचा घास मात्र या बांधावरून जातो.

पहाटे थंडी वाढते तशी डब्याचा आवाज थांबतो. ज्वारीतून एकेक आकृती बाहेर येते, बांध ओलांडते आणि गवतात शिरते. उजाडेपर्यंत कळप पुन्हा माळावर असतो.