परक्या राजाच्या अस्थी

इ.स. ६४२. मर्शियाचा राजा पेंडा याने नॉर्थम्ब्रियाचा ख्रिस्ती राजा ऑस्वाल्ड याला रणांगणात मारले आणि त्याचे शिर व हात खांबांवर टांगले.

पुढे ऑस्वाल्डची पुतणी ऑस्थ्रिथ पेंडाच्याच मुलाची राणी झाली. तिने चुलत्याच्या अस्थी लिंडसे प्रांतातील बार्डनीच्या मठात आणल्या. मठवासीयांनी त्या आत घेतल्या नाहीत. ऑस्वाल्ड पुण्यशील होता, हे त्यांना ठाऊक होते. परंतु त्यांच्या भूमीवर त्याने परका राजा म्हणून सत्ता गाजवली होती.

अस्थींचा गाडा रात्रभर बाहेरच राहिला. गाड्यावर आकाशापर्यंत प्रकाशस्तंभ उभा राहिला आणि सकाळी मठवासीयांनीच अस्थी मागून घेतल्या, असे इतिहासकार बीड ७३१ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात सांगतो. चमत्कार सांगताना त्याने तो नकार मात्र गाळला नाही. संताच्या कथेत पराभूतांचा आवाज टिकला, तो त्यामुळेच.