तपेल्याच्या काठावरचं नाव

तिरुविडैमरुदूर

चि. सोनूस,


तू पाठवलेला फोटो मिळाला. म्युनिकच्या बर्फाच्या उजेडात तपेलं किती छान दिसतंय! त्यात तू मनी प्लांट लावलंस, त्याचा मला आनंदच झाला. पण खाली तू विचारलंस की, "आत्या, काठावर ठिपक्याठिपक्यांनी हे कुणाचं नाव आहे? वंशावळीत कुठे लिहू?" त्याचं उत्तर फोनवर देता येणार नव्हतं. आता इथे आपल्या जुन्या गावी आलेच आहे, तर इथूनच लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. तुझे बाबा लोकांना सांगतात की आमच्या आजोबांचं, म्हणजे तुझ्या पणजोबांचं, भांड्यांचं दुकान होतं. भांडी होती, पण ती मोडीची. आजोबांचं भंगाराचं दुकान होतं. लग्नकार्यात नातेवाईक हे बोलायचे नाहीत, आम्हालाही बोलू द्यायचे नाहीत. दादाने लहानपणी शाळेत यावरून फार ऐकून घेतलं, म्हणून मी त्याला दोष देत नाही. पण आपल्या घराण्याचा जो काही धागा आज हाती आहे, तो त्याच दुकानातून आला. म्हणून तुला तरी खरं माहीत असायला हवं.

दुकान इथल्या महालिंगस्वामींच्या देवळाच्या मेलवीदीत, म्हणजे पश्चिमेकडच्या रस्त्यावर होतं. या देवळात पूर्वेच्या दारातून आत जाऊन पश्चिमेच्या दाराने बाहेर पडायचं अशी रीत आहे. वरगुण पांड्य राजाच्या मागे लागलेली ब्रह्महत्या पूर्वेच्या दाराशी त्याची वाट बघत बसली आहे, म्हणून. त्या दारात संत पट्टिनत्तार बसलेले आणि पश्चिमेच्या दारात त्यांचे शिष्य भद्रगिरी. राज्य सोडून आलेल्या भद्रगिरींकडे भिक्षेचं एक मडकं होतं आणि एक कुत्रा. एकदा भिक्षा मागणाऱ्याला पट्टिनत्तार म्हणाले, "मी तर भिकारी, पश्चिमेच्या दारात एक संसारी बसलाय, त्याला माग." ते ऐकून भद्रगिरींनी मडकं भिरकावून दिलं. आजोबा ही गोष्ट सांगताना समोरच्या ढिगाकडे बघायचे आणि बराच वेळ गप्प राहायचे.

आम्ही मुलं शाळेतून आलो की दुकानात. तुला ठाऊक नसेल, तामिळनाडूत जुन्या लोखंडाच्या बदल्यात खजूर द्यायचे. 'पळैय इरुंबुक्कु पेरीच्चंपळम' अशी हाळी देत माणसं सायकलीवरून गावोगाव फिरायची. आमच्याकडेही पोरं खिळे, मोडके बिजागर, नालाचे तुकडे घेऊन यायची आणि मी त्यांच्या हातावर खजूर ठेवायची. पितळ-तांब्याचं काम मात्र आजोबा स्वतः करायचे. भांड्याच्या बुडाशी कानशीने एक बारीक चर पाडायची. चर तांबूस दिसली की तांबं, पिवळी दिसली की पितळ. कासं टिचकीला ओळखायचं, त्याचा नाद लांबत जातो. मग लोहचुंबक फिरवायचा, आत लोखंडाची पट्टी दडलीय का ते बघायला. वजन पलम आणि वीसैत. तीन तोळ्यांचं एक पलम, चाळीस पलमांची एक वीसै, म्हणजे आजचे एक किलो चारशे ग्रॅम. 1958 नंतर हळूहळू किलोची वजनं आली, तरी आजोबांचं मन वीसैतच मोजायचं.

महिन्यातून एकदा हे सगळं पितळ बैलगाडीने नाच्चियारकोविलला जायचं. तिथले कारागीर ते वितळवून कुत्तुविळक्कू, आपल्या समया, ओततात. कावेरीकाठची बारीक गाळवाळू साच्याला चांगली, म्हणून तो धंदा तिथे रुजला. मुशीत गेलं की नाव, गाव, आहेर, सगळं एक होऊन जातं.

आता तपेल्याकडे येते.

1952 च्या नोव्हेंबरअखेर नागपट्टिणमजवळ मोठं वादळ किनाऱ्याला लागलं आणि सगळा तंजावर जिल्हा झोडपून गेलं. घरं पडली, माड आडवे झाले. पुढचे कित्येक महिने लोक घरातली भांडी घेऊन दुकानात येत होते. आजोबा म्हणायचे, त्या दिवसांत तागडीकडे बघवत नसे. एका दुपारी एक अनोळखी बाई हे तपेलं घेऊन आली. दोन वीसै आणि दहा पलम भरलं. (तू काट्यावर ठेवून बघ, झाड काढून. तीन किलो दीडशेच्या आसपास भरेल.) कानस लावायला आजोबांनी ते उलटं केलं, तर बुडाला एका बाजूने चेप आणि त्यावर तांब्याचं वेडंवाकडं ठिगळ. तो चेप त्यांनीच सात वर्षांचे असताना तपेलं विहिरीच्या काठावरून पाडून आणला होता. वडील वारल्यावर घरातली मोठी भांडी एकामागून एक गेली, त्यात हेही गेलं होतं. चाळीसेक वर्षांनी ते फिरत फिरत त्यांच्याच तागडीत आलं. बाईला त्यांनी मोडीचा नाही, नव्या भांड्याचा भाव दिला.

नाव त्यांनी त्या रात्री पहिल्यांदा वाचलं. लहानपणी त्यांना बाळबोध येत नव्हतं, शाळा तमिळ. घरात मराठी बोलायचे, पण लिहायला कुणाला येत नव्हतं. मोठेपणी भजनमठात अभंग म्हणता यावेत म्हणून ते देवनागरी शिकले. या भागात अभंग सगळेच म्हणतात. मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी भजनाची जी पद्धत घालून दिली, तिच्यात तमिळ माणूसही तुकोबा गातो. त्या शिकण्याचा असा उपयोग होईल, हे त्यांच्या मनातही नसेल.

नावाची सुरुवातीची अक्षरं झिजलेली. मग 'राव' नीट लागतं. मग पुन्हा झीज, आणि शेवटी 'कर'. इथे आम्ही सगळे नुसते राव, इंग्रजी आद्याक्षरं आणि राव. आपल्याला 'कर' असलेलं आडनाव होतं, म्हणजे महाराष्ट्रात आपलं एक गाव होतं, हे आपल्या घरात त्या रात्री कळलं. पिढ्यान् पिढ्या चिंच आणि राखेने घासून घासून गावाचं नाव मात्र बायकांच्या हातांनीच पुसलं गेलं होतं.

इथवर आपण कसे आलो, याचं घरात एकच सांगणं आहे. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्या वंशातले अमरसिंह 1798 मध्ये तंजावरच्या गादीवरून उतरले आणि सरफोजीराजे बसले. अमरसिंहांनी या गावी येऊन आपला छोटा दरबार थाटला. त्यांच्यासोबत जे कारकून आले, त्यांतले आपले एक. 1802 मध्ये अमरसिंह गेले, मग त्यांचे पुत्र प्रतापसिंह इथे राहिले. 1855 मध्ये तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी वारले आणि ईस्ट इंडिया कंपनीने गादीच संपवली. इंग्रजी शिकलेले मराठी लोक पुढे निघाले. कुंभकोणमला जन्मलेले टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर, बडोद्याचे दिवाण झाले. बाकीच्यांनी मिळेल ते केलं. आपल्या आजोबांनी तागडी धरली, आणि तिच्यावर तीन पिढ्या शिकल्या. तूही त्यातलीच.

आज सकाळी देवळात पावैविळक्कूपाशी उभी राहिले. हातात दिवा घेतलेली ती ओतीव मूर्ती म्हणजे अम्मणी अम्माळ, प्रतापसिंहांच्या नात्यातली. त्यांच्याशी लग्न व्हावं म्हणून तिने लक्ष दिव्यांचा नवस केला होता. दिवे लावले आणि त्यांतला एक दिवा म्हणून स्वतःचीच मूर्ती 1853 मध्ये इथे वाहिली. तिच्या पायाखाली तमिळ लेख आहे, त्यात तिचं नाव शाबूत आहे. आपलं तपेलंही साधारण त्याच काळातलं असावं, असं आजोबांना वाटायचं. मूर्तीला कोणी चिंचेने घासत नाही, स्वयंपाकघरातल्या पितळाला रोज घासावं लागतं.

त्या रात्रीनंतर आजोबांनी एक वही सुरू केली. मराठी अक्षरं असलेलं भांडं मोडीत आलं की आधी नाव उतरवायचं, शेजारी भांड्याचा प्रकार, वजन, चेप, ठिगळ, आणि मगच ते गाडीत. साठच्या दशकात घरोघर एव्हरसिल्व्हर आलं, आम्ही स्टीलला एव्हरसिल्व्हरच म्हणायचो, तेव्हा पितळेचा पूर लोटला. त्या काळातली पानं सगळ्यात गच्च आहेत. वाळवीने बरीच खाल्ली, एकतीस पानं माझ्याकडे उरलीत. बहुतेक नावं बायकांची. एकेका नावापुढे आजोबांनी बारीक अक्षरात 'आहेर' लिहिलंय, एका ठिकाणी 'पहिल्या मुलीस'. ती भांडी वितळली, पण नावं वहीत राहिली. कधीतरी इथल्या एखाद्या मराठी घरातलं पोर तुझ्यासारखंच विचारत येईल, म्हणून मी ती पानं प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून ठेवलीत.

दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. मालकाला मी सांगितलं, इथे आमची तागडी टांगलेली असायची. त्याने मला खुर्ची दिली आणि वर तुळईत अडकलेला लोखंडी हूक दाखवला. तोच हूक.

आता तुझं काम. तपेलं ब्रासोने किंवा लिंबाने अजिबात घासू नकोस, काळं पडलं तरी पडू दे. काठावर पातळ कागद धर आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरव. बोटाला न लागणारे ठिपकेही कागदावर उमटतात. 'राव' आणि 'कर' यांच्या मध्ये किती अक्षरांची जागा आहे, ते मोज. आणि 'क'च्या अगदी आधी एक उभी रेघ आहे असं मला नेहमी वाटतं. तो काना आहे की नुसता ओरखडा, ते तुझ्या तरुण डोळ्यांनी बघ आणि मला कागद टपालाने पाठव. फोटो नको, कागदच पाठव.

तुझी,
आत्या