फेब्रुवारीतलं विद्यापीठ

फेब्रुवारीत पुणे विद्यापीठात अभ्यास कधी होतो, देव जाणे. ललित कला केंद्राच्या अंगणमंचावर तालमी रंगात आलेल्या. एक मुलगी पायरीवर बसून घुंगरं बांधता बांधता तोंडाने बोल घोकत होती, शेजारी चहा निवत होता. मला प्रयोगापेक्षा अशी तालीमच जास्त आवडते. २७ तारखेला कुसुमाग्रजांच्या जयंतीचा मराठी भाषा गौरव दिन, भाषणं नेहमीचीच. खरी जत्रा दुसऱ्या दिवशी, विज्ञान दिनाला, आवारातल्याच आयुका या खगोलशास्त्र संस्थेत. चार्ल्स कोरियांनी रचलेल्या त्या वास्तूत न्यूटन, आइनस्टाइन, गॅलिलिओ, आर्यभट यांच्या पुतळ्यांभोवती शाळकरी पोरांचा नुसता कल्ला. फुकोचा लंबक बघून एकाने विचारलं, "याला किल्ली कोण देतं?" स्वयंसेवकाने पृथ्वीचं फिरणं समजावलं. पोरगं काही बधलं नाही. वाकून खाली मोटर शोधत राहिलं.