तिसऱ्या तासाला येणारी वही

तिसऱ्या तासाला शिपाईमामा दारात उभे राहिले की वर्गातली पन्नास डोकी एकदम वर होतात. मामांच्या हातात सूचना वही असते. लांबट, लाल कापडी पाठीची, कोपरे झिजलेली. मामा बोलत नाहीत, नुसते खाकरतात. मी फळ्याकडून वळून हात पुढे करते, तोवर मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झालेली असते. "सुट्टी असंल." "नाही रे, गॅदरिंगचं असंल." मी वाचायला लागते, "सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की..." आणि वाक्य पुरं व्हायच्या आत अर्ध्या वर्गाने टाळ्या वाजवलेल्या असतात. मी तुकडीच्या रकान्यात सही करते, मामा शेजारच्या वर्गाकडे वळतात आणि धडा पुन्हा रुळावर यायला पाच मिनिटं जातात. त्या पाच मिनिटांबद्दल मी मुलांवर कधी रागावले नाही. आमच्या मुलांच्या वर्षातला सगळा आनंद त्या वहीतूनच येतो.

बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये मी मराठी शिकवते. बावीस वर्षं झाली. त्यातली चौदा वर्षं सांस्कृतिक विभाग माझ्याकडे आहे, म्हणजे वहीतल्या निम्म्या सूचना माझ्या अक्षरातल्या. फाटकाजवळचा मोठा फलकही मीच लिहिते. खडू घटकाभर पाण्यात बुडवून लिहिलं की अक्षर ठसठशीत उमटतं आणि वाळल्यावर पांढरंशुभ्र दिसतं, हे चित्रकलेच्या सरांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. वर सुविचार, खाली दिनविशेष आणि मधल्या मोठ्या जागेत येणारे कार्यक्रम.

दिवाळीची सुट्टी संपली की ही मधली जागा पुरत नाही. पूर्वी दहावीची परीक्षा मार्चमध्ये असायची. २०२५ साली ती २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. साहजिकच पूर्वपरीक्षा, तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिकं सगळं अलीकडे सरकलं आणि क्रीडा सप्ताह, सहल, विज्ञान प्रदर्शन, आनंदनगरी, स्नेहसंमेलन हे सारं डिसेंबरात दाटीवाटीने बसवावं लागतं. त्यातच आठवीची एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा येते. जानेवारी उजाडला की तीन तारखेला सावित्रीबाईंची जयंती, बाराला जिजाऊंची, मग प्रजासत्ताक दिनाची प्रभातफेरी आणि संचलन. दहावीच्या निरोप समारंभाला मुली साड्या नेसून येतात आणि फोटो काढून होईपर्यंत रडत नाहीत.

या सगळ्यात मला आनंदनगरी सर्वांत प्रिय. मैदानावर बाकं ओळीने मांडायची, मुलांनी घरून पदार्थ करून आणायचे आणि विकायचे. भेळ, वडापाव, इडली, गुलाबजाम तर असतातच. एका वर्षी सातवीतल्या एका मुलाने कोपऱ्यातल्या बाकावर हुरडा मांडला. कणसं आदल्या संध्याकाळी आजीबरोबर काढलेली, सकाळी घरीच आरावर भाजून, चोळून, सुपात पाखडून आणलेली. हिरवेगार दाणे ओल्या फडक्यात बांधलेले. शेजारी शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचे खडे. वहीच्या कागदाचा द्रोण दहा रुपयांना. पहिल्या अर्ध्या तासात त्याच्याकडे कुणी फिरकलं नाही, कारण हुरडा तर सगळ्यांच्याच शेतात. मग त्याने भाव न उतरवता द्रोणात गुळाचा एकेक खडा जास्त टाकायला सुरुवात केली आणि ओरडून सांगू लागला, "गूळ फुकट, गूळ फुकट!" दुपारपर्यंत फडकं रिकामं झालं. हिशेब विचारला तर वही न उघडता म्हणाला, "तीनशे सत्तर आले मॅडम. गुळाचे साठ गेले, शेंगदाण्याचे चाळीस. दोनशे सत्तर राहिले. ज्वारी घरची हाय, पण आजीची मजुरी धरली तर वीस रुपये तोटा." आजीची मजुरी धरणारं ते पोर पाहून गणिताचे सर आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो.

त्याच मुलाच्या बाबतीत पुढच्या वर्षी माझी चूक झाली.

आमच्या भागात दसरा झाला की गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून ऊसतोडीची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर टोळ्या जातात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, फडातच राहतात. मुलांना मागे ठेवता यावं म्हणून गावात हंगामी वसतिगृह चालतं. काही मुलं आजी-आजोबांकडे राहतात. पण घरात तान्हं मूल असेल तर ते कुणी सांभाळायचं? मग मोठ्या भावंडाला सोबत नेतात. आई फडात असताना ते कोपीत बसून बाळाला झोका देतं.

हा मुलगा तेव्हा आठवीत होता. दसऱ्यानंतर आईवडिलांबरोबर गेला. नेमक्या त्याच आठवड्यात एनएमएमएसचे अर्ज भरण्याची सूचना वहीत आली. ही परीक्षा फक्त आठवीत देता येते, आयुष्यात एकदाच. नव्वद गुणांची बौद्धिक चाचणी, नव्वद गुणांची शालेय क्षमता चाचणी. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात. चार वर्षांचे ४८,०००. सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठीच ती आहे. म्हणजे नेमकी त्याच्यासाठी. मी सूचना वाचली, सही केली आणि फलकावर सुंदर अक्षरात शेवटची तारीखही लिहिली. गैरहजर मुलांची नावं माझ्यासमोरच्या हजेरीपटावर होती. ती मी पाहिली नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दहाएक दिवसांनी तो परतला. बाळाला सांभाळायला कारखान्यावर मावशी गेली होती आणि हा आजीकडे आला होता. मी सकाळी फाटकातून आत शिरले तर तो फलकासमोर उभा. सुट्टीच्या गडबडीत ती सूचना मी पुसलीच नव्हती. तो ओठ हलवत वाचत होता. पाठीवर दप्तर, हाताच्या बोटांवर उसाच्या पाचटाने चिरल्याच्या बारीक रेघा. मला पाहून त्याने विचारलं, "मॅडम, तारीख गेली का ओ?"

तारीख गेली होती. मुख्याध्यापकांनी फोन केले, मीही केले. ऑनलाइन अर्जाची खिडकी बंद झाली ती झालीच.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. आजी अंगणात शेणी थापत होती. मी सगळं सांगितलं, माझं चुकलं हेही सांगितलं. तिने हात धुतले, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "लेकरू हुशार हाय म्हणता मॅडम, मग निरोप का नाही धाडला? त्याच्या बापाकडं फोन हाय की." या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्या बापाचा नंबर माझ्याच हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर लिहिलेला होता.

तो मुलगा पुढे दहावीला गणितात वर्गात पहिला आला. परीक्षेला बसला असता तर शिष्यवृत्ती मिळालीच असती असं मी म्हणणार नाही. पण बसण्याचा त्याचा हक्क होता आणि तो माझ्या सहीखाली गेला.

त्याचा अर्ज चुकला त्या वर्षी, आणखी कोण कोण माझ्या नजरेतून सुटलं हे पाहायला मी जुनी कागदपत्रं काढून बसले. स्नेहसंमेलनाचे तीन वर्षांचे फोटो समोर मांडले आणि एकेक चेहरा ओळखत गेले. नृत्यात, नाटकात, समूहगीतात सगळ्या गावातल्या मुली. वाड्यावस्त्यांवरून, तांड्यांवरून येणाऱ्या मुलींपैकी मला दोघीच सापडल्या आणि त्या दोघीही गावात नातेवाइकांकडे राहून शिकणाऱ्या. आमच्या पटावर निम्म्या मुली बाहेरगावच्या आहेत. त्यांना नाचता येत नाही? गाता येत नाही? कारण साधं होतं. तालमी शाळा सुटल्यावर पाचला सुरू व्हायच्या आणि मानव विकास कार्यक्रमाची निळी बस सव्वापाचला सुटायची. एसटीचा पास मुलींना मोफत आहे, बस खास मुलींसाठी आहे. तिच्यामुळे शेकडो मुली आज शाळेत आहेत. पण ती बस चुकली की त्या मुलीला घरी जायला दुसरं काही नाही. आणि एकदा मुलगी रात्री घरी पोचली नाही, तर दुसऱ्या दिवसापासून तिची शाळाच बंद होते. त्या मुली हे जाणून होत्या. म्हणून "कोण कोण भाग घेणार?" असं मी विचारलं की त्या खाली बघायच्या. मी त्याला लाजाळूपणा समजत आले होते.

मी शिक्षक सभेत विषय काढला. तालमी सकाळी घ्यायच्या. बस पावणेदहाला येते, शाळा साडेदहाला भरते, तो पाऊण तास आपला. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बस यायला वेळ असतो, तोही आपला. आणि स्नेहसंमेलन रात्री न घेता दिवसा, अकरा ते चार. यावर खूप वाद झाला. सहकाऱ्यांचं म्हणणं होतं की दिवसा पालक कामावर असतात, रोषणाई नाही, रंगमंचाची मजा जाते. दहावीची मुलं तर माझ्याशी दोन दिवस धड बोलली नाहीत. त्यांचं दुःख मला कळत होतं. मंडपातल्या रंगीत दिव्यांखाली उभं राहणं हे त्या वयातलं मोठं स्वप्न असतं आणि ते मी काढून घेत होते. तरीही मी हट्ट सोडला नाही. मुख्याध्यापकांनी एक वर्ष करून पाहू म्हणून परवानगी दिली.

पहिला कार्यक्रम तीन जानेवारीचा. नववीतल्या एका मुलीने सावित्रीबाईंचा एकपात्री प्रयोग करायचं ठरवलं. चौदा किलोमीटरवरच्या वस्तीवरून येणारी, आईवडील कारखान्यावर, घरी आजी आणि दोन धाकटे भाऊ. पहाटे उठून भाकरी करायची, भावांना आवरून द्यायचं आणि बस गाठायची. पाठांतर ती बसमध्येच करायची. सोबतच्या मुलींना ते ऐकून ऐकून इतकं पाठ झालं होतं की ती अडखळली तर चार आवाज एकदम पुढचा शब्द सांगायचे. कार्यक्रमाच्या दिवशी ती आजीचं हिरवं नऊवारी लुगडं नेसून बसमधून उतरली. पदर नीट राहावा म्हणून आजीने खांद्यावर मोठी पिन टोचून दिली होती, ती ब्लाउजमधून जराशी कातडीला लागत होती. मी पिन बदलायला गेले तर म्हणाली, "राहू द्या मॅडम, निघाली की पदर सुटंल."

अंगावर शेण झेललेल्या सावित्रीबाई तिने उभ्या केल्या तेव्हा ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. झोळीतून दुसरं लुगडं काढून हातावर धरलं आणि शांतपणे वर्गाच्या दिशेने चालायला लागली. मैदानावर सातशे मुलं होती. फलकाच्या कठड्यावर बसलेले बसचे ड्रायव्हरकाका उठून उभे राहिले. त्या दिवशी ते सकाळची फेरी करून मुद्दाम थांबले होते.

त्या वर्षीच्या दिवसाच्या स्नेहसंमेलनात बाहेरगावच्या एकतीस मुली मंचावर आल्या. रोषणाई नव्हती. दुपारच्या उन्हात मेकअप ओघळत होता आणि ध्वनिक्षेपक दोनदा बंद पडला. पण कार्यक्रम संपला तेव्हा सगळ्या मुली जागेवर होत्या. शेलापागोटे वाचताना पहिल्यांदाच वाड्यांवरच्या मुलींची नावं पुकारली गेली. आता आमचं स्नेहसंमेलन दिवसाच होतं. हा निर्णय बरोबर होता, हे मी आज ठामपणे सांगते.

सूचना वहीची पद्धतही आम्ही बदलली. महत्त्वाच्या सूचनेखाली आता वर्गशिक्षकाने त्या दिवशी गैरहजर असलेल्यांचे हजेरी क्रमांक लिहायचे असतात. ज्या वाडीचं मूल गैरहजर, त्या वाडीतलं दुसरं मूल ती सूचना आपल्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतं आणि घरी पोचवतं. कारखान्यावर गेलेल्या पालकांना मी रात्री नऊनंतर फोन करते. गाडी भरून झाल्याशिवाय त्यांना फोन घेता येत नाही. पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येत असतो, बाळ रडत असतं. "मॅडम, कागद कोणते लागतील?" एवढंच ते विचारतात. उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक, एवढं सांगायला दोन मिनिटं पुरतात. गेल्या चार वर्षांत आमच्या आठवीतल्या एकाही पात्र मुलाचा अर्ज गैरहजेरीमुळे राहिलेला नाही.

हे वाचणाऱ्यांत शिक्षक असतील, पालक असतील, ऊसतोडीच्या गावांशी नातं असलेली माणसं असतील. तुमच्या ओळखीत अनुदानित किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीत शिकणारं एखादं लेकरू असेल, तर या दिवाळीच्या आत त्याला एवढं विचारा, "एनएमएमएसचा अर्ज भरलास का?" ते गावात नसेल, तर त्याच्या बापाला फोन करा. रात्री नऊनंतर.