ली मोचौचा हिशेब

चि. सायलीस,

तुझं पत्र पोचलं. ली मोचौला खलनायिका म्हणणं हा अन्याय आहे, ती फक्त प्रेमात पोळलेली बाई आहे, असं तू लिहिलंस. तुला तिची कणव येते ते मला समजतं, पण तू त्यातून काढलेला निष्कर्ष पटत नाही. तिला नुसती पोळलेली बाई ठरवलं की तिची एवढी दहशत का वाटते, हे कोडं तसंच राहतं. शिवाय जिन योंग यांनी तिच्या रूपानं चिनी शौर्यकथांच्या अख्ख्या परंपरेला जो प्रश्न विचारलाय, तोही हातून निसटतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पुस्तकात काय आहे ते पाहू. चा ल्यांगयोंग यांनी जिन योंग या टोपणनावानं ‘द रिटर्न ऑफ द कॉन्डॉर हीरोज’ ही कादंबरी लिहिली. हाँगकाँगमध्ये १९५९ साली त्यांनी स्वतःच सुरू केलेल्या ‘मिंग पाओ’ या दैनिकात ती १९६१ पर्यंत क्रमशः छापून येत होती. तिच्या सुरुवातीलाच च्याशिंगमधल्या लू घराण्याच्या भिंतीवर रक्ताळलेल्या पंजाचे ९ ठसे उमटतात. माणशी एक ठसा, म्हणजे माणशी एक मरण. सगळ्यात वरचे दोन ठसे लू चान्युआन आणि त्याची बायको हअ युआनज्युन यांच्या वाट्याचे. ती दोघं तोवर वारलेली आहेत, तरी ठसे आहेतच. चान्युआननं ली मोचौला सोडून युआनज्युनशी लग्न केलं, हा तिचा घाव. त्या घावापायी ती कोणाकोणाला मारते बघ. हअ आडनावाच्या एका म्हाताऱ्या मुष्टियोद्ध्याचं विसाहून जास्त माणसांचं कुटुंब ती पोराबाळांसकट कापून काढते. त्यांचा दोष एवढाच, की सवतीचं आडनाव त्यांचंही होतं. युआन नदीवरच्या ६३ वखारी आणि होड्यांच्या पेढ्या ती उद्ध्वस्त करते, कारण त्यांच्या पाट्यांवर युआनज्युनच्या नावातलं अक्षर होतं. पुढे त्या नवरा-बायकोची प्रेतं जाळून ती एकाची राख ह्वाशान पर्वताच्या माथ्यावर उधळते आणि दुसऱ्याची पूर्व समुद्रात सोडते. मेल्यावरसुद्धा त्यांची गाठ पडू नये, ही तिची इच्छा. अंगावर ताओपंथी जोगिणीचा पिवळा झगा, हातात चवरी आणि जवळ विषारी चांदीच्या सुया, अशी ही बाई नुसती दिसली तरी कसलेल्या योद्ध्यांची बोबडी वळते.

आता तुझ्या मुद्द्याकडे येते. प्रेमभंगानं माणूस असा होत असेल, तर त्याच कादंबरीतली बाकीची माणसं अशी का झाली नाहीत? ज्या पंथात ली मोचौ शिकली, त्याची संस्थापक लिन छाओयिंग. तिचं वांग छोंगयांगवर प्रेम होतं, पण लग्न झालं नाही. ती जोंगनान पर्वतातल्या थडग्यात राहिली आणि तिनं स्वतःची युद्धविद्या घडवली. छंग यिंगचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. लू घराण्यावर घाला पडला तेव्हा ती त्याच घरात वाढत असलेली लहान मुलगी होती. म्हणजे ली मोचौनं तिचं घर बुडवलं, आणि मोठेपणी जीव जडला तो कथानायक यांग ग्वोवर, ज्याला त्याच्या प्रेयसीखेरीज, श्याओलोंगन्यूखेरीज, कोणी दिसतच नाही. तिला दोन घाव बसले, तरी अखेरपर्यंत तिच्या तोंडून कडवट शब्द निघत नाही. लेखकानं एकाच दुखण्याची इतकी माणसं एकाच कथेत शेजारी शेजारी ठेवली आहेत, हा योगायोग मला वाटत नाही. दुःख सगळ्यांच्या वाट्याला येतं. त्याची वसुली जगाकडून करण्याचा हक्क फक्त ली मोचौ स्वतःकडे घेते.

आणि हा हक्क तिनं आणला कुठून? ज्या जगात ती राहते, तिथूनच. च्यांगहू, म्हणजे या योद्ध्यांचं जग, सूड हे कर्तव्य मानतं. आधीच्या कादंबरीतला ग्वो जिंग बापाच्या खुन्याला मारायचं हे ध्येय घेऊनच मोठा होतो, आणि आपण त्याला सज्जन म्हणतो. ली मोचौ त्या जगाचे नियम मोडत नाही, उलट काटेकोरपणे पाळते. चान्युआनच्या लग्नात तालीहून आलेल्या एका भिक्षूनं तिच्याकडून वचन घेतलं, की दहा वर्षं या जोडप्याच्या वाटेला जायचं नाही. धाकानं दिलं म्हण हवं तर, पण तिनं ते पाळलं आणि मुदत सरल्यावरच ती दारात उभी राहिली. वचनाचा पक्केपणा, चिकाटी, विद्येतलं प्रभुत्व, हे सगळे वीराचे गुण तिच्यात आहेत. फक्त तिचा सूड वाण्याच्या उधारीच्या वहीसारखा चालतो. देणेकरी मेला तर वारसाकडून वसूल करायचं, वारस संपले तर आडनावाकडून, आणि तेही नसेल तर पाटीवरच्या अक्षराकडून. माझ्या मते तिची भीती वाटते ती यामुळे. ज्या तत्त्वाला आपण नायकाच्या हातात टाळ्या देतो, तेच तत्त्व ती शेवटच्या टोकापर्यंत नेऊन दाखवते.

तू म्हणशील, मग हे टोक दाखवायला बाईच का सापडली? आक्षेप खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. जिन योंग यांच्या दुष्ट पुरुषांना बहुधा सत्ता हवी असते नाहीतर पहिला क्रमांक, आणि दुष्ट बायकांच्या मुळाशी मात्र बहुतेक वेळा कोणीतरी पुरुष असतो. ही त्यांची मर्यादाच. पण ली मोचौपुरतं पाहिलं, तर त्याच लग्नानं वेडा झालेला एक पुरुषही तिच्या शेजारी उभा आहे. युआनज्युन ही वू सानथोंगची मानलेली मुलगी. तिच्यावर त्याचा नको तसा जीव जडला होता. तो बायको आणि दोन मुलगे वाऱ्यावर सोडून भरकटत राहतो. शेवटी ली मोचौच्या सुईचं विष त्याच्या अंगात भिनतं, तेव्हा ते शोषून काढणारी बायकोच मरते. प्रेमापायी घर जाळणं ही एकट्या बाईची खोड आहे, असं लेखक म्हणत नाही.

तुझा दुसरा मुद्दा ग्वो श्यांगचा. ग्वो जिंगची तान्ही मुलगी ग्वो श्यांग हातात आल्यावर ली मोचौ तिच्यासाठी मादी बिबट्या पकडते आणि त्या बिबट्याच्या दुधावर तिला जगवते. तुला यात तिचं प्रायश्चित्त दिसतं. मला हा तिच्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा वाटतो. इतकी माया जिच्यात शिल्लक आहे, तिला आपण परिस्थितीनं घडवलेला राक्षस म्हणून सोडून देऊ शकत नाही. शिवाय त्यानंतरच ती विषारी ‘प्रेमफुलां’च्या ताटव्यातून सुटायला स्वतःच्या शिष्येला, होंग लिंगबोला, काट्यांवर फेकून तिच्यावर पाय देते. मरता मरता लिंगबो तिला घट्ट धरते आणि तेच काटे गुरूच्याही अंगात घुसतात. माया करता येते आणि तरी असं वागता येतं, हे ली मोचौ दाखवते.

आता यांग ग्वोकडे बघ. आपल्या बापाला ग्वो जिंग आणि त्याच्या बायकोनं मारलं असं तो मानतो. श्यांगयांगमध्ये ग्वो जिंग त्याच्या शेजारी निर्धास्त झोपलेला असतो. त्याला मारलं तर यांग ग्वोला स्वतःच्या अंगातल्या विषावरचा, जीव वाचवणारा उतारा मिळणार असतो. तरी मंगोलांपासून शहर राखणाऱ्या त्या माणसाला तो मारत नाही, पुढे जीव धोक्यात घालून वाचवतो. ही कादंबरी मला मोठी वाटते ती याच निवडीमुळे, आणि तिचं मोल ली मोचौमुळे कळतं. दुःखी होती म्हणून तिला निर्दोष ठरवलं, तर यांग ग्वो आणि छंग यिंग यांनी स्वतःला आवरलं त्याला काही अर्थच उरत नाही. तिची कीव जरूर कर. पण तिच्या नऊ ठशांचा जाबही तिलाच विचार. तरीही तुला ती निर्दोष वाटत असेल, तर त्या वखारवाल्यांना तू काय सांगशील ते मला पुढच्या पत्रात लिही.

तुझी,
आत्या