उच्चार आणि उपचार

मी मराठीचा अध्यापक आहे हे कळताच समोरच्या माणसाची जीभ एकाएकी अडखळू लागते, असा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. आतापर्यंत मोकळेपणाने बोलणारा गृहस्थ सावरून बसतो, ‘पानी’चे ‘पाणी’ करतो, आणि त्या भरात ‘मना’चाही ‘मणा’ करून ठेवतो. मी कुणाला दंड करीत नाही, कुणाचे नाव टिपून घेत नाही. पण समाजाने आम्हां मराठीवाल्यांच्या हाती एक अदृश्य छडी देऊन ठेवली आहे, आणि ती खाली ठेवतो म्हटले तरी लोक ठेवू देत नाहीत.

ही छडी दुसऱ्यांच्या हाती कशी दिसते, हे मला गेल्या श्रावणात पाहायला मिळाले. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हृदयविकारासाठी अकरा दिवस इस्पितळात ठेवावे लागले. इस्पितळात रुग्णाच्या सोबतीला बसणाऱ्या माणसाला दोनच उद्योग असतात : सलाईनचे थेंब मोजणे आणि शेजारच्या खाटेवरचे संभाषण ऐकणे. आमच्या शेजारी एक निवृत्त अधिकारी होते. त्यांचे चिरंजीव बरीच वर्षे परदेशात काढून आलेले. रात्रपाळीला येणारी सिस्टर परभणीकडची, पंचविशीतली मुलगी. ती ‘इंजेक्सन’ म्हणे, ‘नेबुलायजर’ म्हणे, आणि अँजिओग्राफीची तर तिने ‘एन्जोग्राफी’ करून टाकली होती. चिरंजीव प्रत्येक वेळी तिला थांबवून शब्द दुरुस्त करीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुख्य सिस्टरांना बोलावून सांगितले, “जिला औषधाचं नाव धड घेता येत नाही, तिच्या हातचं औषध बाबांना नको.”

मुख्य सिस्टर अनुभवी होत्या; त्यांनी मान डोलावली आणि काहीच केले नाही.

चिरंजीवांना हसण्यापूर्वी थोडा विचार केला पाहिजे. खाटेजवळ बसलेल्या माणसाला परिचारिकेचे कसब दिसणार तरी कसे? सुई शिरेत नीट गेली की नाही, नाडी मोजताना तिचे लक्ष कुठे होते, चार्टवर लिहिलेल्या आकड्यांतून तिला काय उमगले, यांतले आपल्याला काहीही कळत नाही. कळतात ते शब्द. आणि शब्दांच्या बाबतीत आपण सगळेच स्वतःला परीक्षक समजतो. भटजींच्या मनातली श्रद्धा दिसत नाही, म्हणून आपण त्यांचे संस्कृत ऐकतो. तसलाच हा प्रकार.

शिवाय उच्चारावरचा हा विश्वास आपल्या हाडीमासी मुरलेला आहे. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ मांडला, आणि मंत्रातल्या ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचा स्वर चुकला. समासच बदलला. ‘इंद्राला मारणारा’ याऐवजी ‘इंद्र ज्याला मारील तो’ असा अर्थ झाला, आणि वृत्र इंद्राच्या हातून मेला. व्याकरण शिकवताना ही कथा मी दर वर्षी सांगतो. मुलांना ती आवडते, कारण तिच्यात कुणीतरी मरते.

पण वैद्यकातला ‘शुद्ध’ उच्चार शोधू गेले तर मोठी गंमत होते. छातीतल्या कळेला आमचे मोठे डॉक्टर ‘अँजायना’ म्हणत, त्यांचे सहायक ‘अँजिना’ म्हणत. शब्दकोशांत दोन्ही उच्चार सुखाने नांदतात. श्वसनाच्या ‘रेस्पिरेटरी’त इंग्रज एका अक्षरावर जोर देतो, अमेरिकन दुसऱ्यावर. अमेरिकेतल्या इस्पितळांत सेंटिमीटरला ‘सॉन्टिमीटर’ म्हणणारी डॉक्टरमंडळी आहेत; त्यांना वाटते, आपण फ्रेंच बोलत आहोत. न्यूमोनियातला आरंभीचा ‘प’ तर इंग्रजाने साफ गिळून टाकला आहे. ग्रीक माणूस तो उच्चारीत असे. उद्या एखाद्या सिस्टरने ‘प्न्युमोनिया’ म्हटले, तर ती अथेन्सच्या अधिक जवळ जाईल आणि आपण मात्र तिला अडाणी ठरवू. जगात कुणीतरी कुणाचा तरी शब्द मोडूनच घेतलेला असतो. मोडणारा वरच्या पायरीवरचा असला की त्या मोडण्याला उच्चार म्हणतात, खालच्या पायरीवरचा असला की अशुद्ध.

असो. सहाव्या रात्रीची गोष्ट सांगतो. तीनचा सुमार असेल. अण्णा उशीवरून सारखे वर सरकत होते. मला वाटले, झोप येत नाही. ती आली, क्षणभर थांबली, आणि घड्याळाकडे पाहत पुरते एक मिनिट नुसती उभी राहिली. मग समजले की ती श्वास मोजत होती. “आजोबा, आडवं नका पडू, बसून राहा बरं,” म्हणत तिने खाटेचा डोक्याकडचा भाग उचलला, ऑक्सिजन लावला आणि डॉक्टरांना फोन केला. फुप्फुसांत पाणी साचू लागले होते. फोनवरचे तिचे बोलणे मला अजून शब्दशः आठवते. “सर, लॅसिक्स. एल, ए, एस. चाळीस मिलिग्रॅम. फोर, झीरो. शिरेतून. बरोबर ना, सर?” पलीकडून होकार आल्यावरच तिने वहीत ते वेळेसह लिहिले. अर्ध्या-पाऊण तासात अण्णांचा श्वास हळूहळू खाली बसला. तोपर्यंत ती तीनदा येऊन गेली होती.

‘फोर्टी’ म्हणून न थांबता तिने ‘फोर, झीरो’ का म्हटले, हे मी नंतर एका डॉक्टर मित्राला विचारले. तो म्हणाला, “फोनवर फोर्टी आणि फोर्टीन सारखेच ऐकू येतात. ऐकलेलं लिहून घ्यायचं आणि उलट वाचून दाखवायचं, हा नियमच आहे.” मग त्याने लॅसिक्सचाच एक किस्सा सांगितला. पित्तावरचे एक औषध अमेरिकेत आधी लोसेक या नावाने विकले जाई. लॅसिक्स आणि लोसेक यांचा घोटाळा होऊ लागला, तेव्हा १९९० साली त्याचे नाव प्रायलोसेक असे बदलावे लागले. डोपामाइन आणि डोब्युटामाइन अशीही एक जोडी आहे. हायड्रॅलझीन रक्तदाबावरचे, तर हायड्रॉक्सिझीन खाजेवरचे. अशा नावांतला वेगळा भाग तेवढा मोठ्या अक्षरांत छापण्याची पद्धत पुढे पडली ती याचसाठी.

म्हणजे उच्चाराला महत्त्व आहेच. कधीकधी तर प्राणाएवढे आहे. पण ते महत्त्व वेगळ्या जागी आहे. ‘एन्जोग्राफी’ या शब्दाने कुणाचे काही बिघडत नाही, कारण तिच्यासारखा ऐकू येणारा दुसरा शब्दच त्या वॉर्डात नाही. लॅसिक्स-लोसेक मात्र ऑक्सफर्डला शिकलेल्या माणसानेही घाईत उच्चारले तरी कानाला फसवतील. तिथे नजाकत उपयोगी पडत नाही. एकेक अक्षर सोडवून सांगणे आणि पुन्हा विचारणे उपयोगी पडते. आपल्या मराठीतही ‘सात’ आणि ‘साठ’ आहेतच की! मला तर वाटते, आमच्या वर्णोच्चाराच्या पाठात ‘त’ आणि ‘ठ’ यांच्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण सापडणार नाही.

केरळच्या सिस्टर महाराष्ट्रात किती वर्षांपासून रुग्णसेवा करीत आहेत! त्यांच्या मराठीवर आणि इंग्रजीवर कितीतरी विनोद झाले. विनोद करणाऱ्यांची ऑपरेशने त्यांनीच निस्तरली. परदेशी नोकरीला जाणाऱ्या परिचारिकांसाठी ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट नावाची एक परीक्षा असते. तिच्यात रुग्णाशी बोलण्याचे पाच-पाच मिनिटांचे दोन प्रसंग वठवावे लागतात, आणि उच्चाराचे गुण देताना बोलणे ऐकणाऱ्याला सहज समजते की नाही हे पाहतात. आमच्या शेजारचे चिरंजीव परीक्षक असते तर निकाल वेगळा लागला असता.

त्यांच्या त्या दुरुस्त्यांचा परिणाम मी पाहिला. माझ्या परभणीच्या सिस्टरवर नव्हे. तिची कातडी जाड होती, ती ‘थँक्यू सर’ म्हणून पुन्हा ‘इंजेक्सन’च म्हणे. पण तिच्याबरोबर एक नवी, अगदी कोवळी मुलगी होती. पहिल्या दिवशी ती प्रत्येक गोळीचे नाव घेऊन, ती कशासाठी आहे हे सांगून मगच देत असे. दोनदा सगळ्यांदेखत तिचे शब्द दुरुस्त झाले. चौथ्या दिवसापासून ती नुसते “ही सकाळची, घ्या” एवढेच म्हणू लागली. खाटेवरच्या माणसाला गोळीचे नाव ऐकू आले तर “अहो, ही तर कालच बंद केली ना?” असे तो विचारू शकतो. ती शेवटची चौकी असते, आणि शेजारच्या खाटेपुरती ती उठली. उद्या फोनवर एखादे नाव नीट ऐकू आले नाही, तर ‘सर, पुन्हा सांगता?’ असे विचारायला ही मुलगी धजेल का, या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही.

यावर कुणी म्हणेल, मग मुलींना शब्द शिकवूच नयेत की काय? जरूर शिकवावेत. नाव नीट घेता आले की बोलणाऱ्याचा आवाज चढतो, आणि डॉक्टरही त्या आवाजाकडे अधिक लक्ष देतात. यात न्याय नाही, पण व्यवहार आहे; आणि त्या मुलींना न्यायाची वाट पाहत रात्रपाळी करता येत नाही.

दिवाळीच्या सुटीआधी आमच्या गावातल्या परिचर्या महाविद्यालयाने मला बोलावले. विषय दिला होता : ‘शुद्ध उच्चार’. मी पहिला शब्द बदलून ‘स्पष्ट’ असा करून घेतला आणि गेलो. ‘न’ आणि ‘ण’ यांचे नावही काढले नाही. सारख्या ऐकू येणाऱ्या औषधांच्या जोड्या मित्राने लिहून दिल्या होत्या. दोन-दोन मुली पाठीला पाठ लावून उभ्या केल्या, एकीने सांगायचे, दुसरीने लिहून उलट वाचायचे. सात-साठवर खूप हशा पिकला. तीन वह्यांत चूक निघाली. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, मग अँजायना बरोबर की अँजिना?”

मी म्हटले, “दोन्ही.”

त्यांचा विश्वास बसेना. शेवटी ग्रंथालयातून शब्दकोश मागवावा लागला.