एका दिवसाचा उपचार, तीन वर्षांची वाट

रत्नागिरीत राहून मेंदूच्या आजाराचा विचार करायचा, तर आधी मुंबई किती लांब आहे याचा विचार करावा लागतो. म्हणून रेडिओसर्जरीचं, म्हणजे किरणांनी होणाऱ्या उपचाराचं, वर्णन आम्हाला फार दिलासा देतं: कवटी उघडायची नाही, एका दिवसात काम, दुसऱ्या दिवशी कोकण रेल्वेनं घरी. माझ्या मते हे वर्णन अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं नीट न सांगितल्यानं रुग्णाचं नुकसान होतं.

हा उपचार ज्यावर होतो असा एक आजार एव्हीएम, म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा गुंता. धमनीतलं रक्त बारीक केशवाहिन्यांतून मंदावत शिरेत उतरायला हवं. इथे ते थेट शिरेत घुसतं. बागेतल्या शिंपण्याच्या पाटात पावसाळी पऱ्या सोडावा, तसं. शिरेची भिंत त्या दाबासाठी नसतेच. कधी आकडी येते, कधी शीर फुटून रक्तस्राव होतो. स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये रेडिओसर्जरीची कल्पना मांडली आणि १९७० मध्ये स्टॉकहोमला एव्हीएमवर ती प्रथम वापरली गेली. मुंबईत हिंदुजा रुग्णालयात १९९७ मध्ये रेडिओसर्जरीचं गॅमा नाइफ यंत्र आलं. नावात सुरी असली तरी कापाकापी नाही. सकाळी भूल देऊन चार जागी स्क्रू घट्ट करून डोक्याला धातूची चौकट बसवतात. दुखत नाही, पण दाब चांगलाच जाणवतो. चौकटीसकट एमआरआय, अँजिओग्राफी होते आणि मग कोबाल्टचे दोनशेच्या आसपास किरण गुंत्यावर एकवटतात. एकेकटा किरण कमजोर, म्हणून वाटेतला मेंदू बचावतो. संध्याकाळी चौकट निघते. पण आतला गुंता सकाळी होता तसाच असतो. किरणांनी दुखावलेली वाहिन्यांची भिंत आतून हळूहळू जाड होते आणि वाहिनी बुजते. याला साधारण दोन ते तीन वर्षं लागतात. तोवर रक्तस्रावाचा धोका टळलेला नसतो. मधल्या काळात मेंदूला सूजही येऊ शकते.

मग हात लावावाच कशाला, असा आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अरुबा’ चाचणीत, न फुटलेल्या एव्हीएमवर उपचार केलेल्यांपैकी ३०.७ टक्क्यांना पक्षाघात किंवा मृत्यू आला. फक्त औषधांवर ठेवलेल्यांत हे प्रमाण १०.१ टक्के होतं. पण तो पाठपुरावा सरासरी ३३ महिन्यांचा होता. किरणोपचाराचा फायदा जिथे सुरू होतो, तिथेच मोजणी थांबली. पुढे चार वर्षांपर्यंत पाहिलं तरी फरक टिकला, हेही मान्य करायला हवं. तरीही वर्षाला ३ टक्के धोका धरला, तर पंचविशीतल्या माणसाला पुढची ४० वर्षं रक्तस्रावाशिवाय जाण्याची शक्यता जेमतेम ३० टक्के उरते. दोन्ही बाजू पाहता न फुटलेल्या एव्हीएमबाबत घाई नको, हे मला पटतं. मात्र एकदा फुटलेला, तीन सेंटिमीटरहून लहान, शस्त्रक्रियेचा हात सुखरूप पोचणार नाही इतका खोल गुंता असेल, तर रेडिओसर्जरीच्या बाजूनं मी ठामपणे उभा राहीन. लहान गुंते बहुतांश रुग्णांत पूर्ण बुजतात. वरवरचा, सोयीच्या जागचा लहान गुंता शस्त्रक्रियेनं काढणं अनेकदा बरं, कारण तिथे वाट पाहावी लागत नाही.

म्हणजे खरा उपचार त्या तीन वर्षांचा आहे, आणि ती वर्षं मुंबईत नाही, इथे जायची असतात. आकडीच्या गोळ्या न चुकवणं, ठरल्या वेळी एमआरआय, शेवटी गुंता बुजल्याची खात्री करणारी अँजिओग्राफी. यंत्र रत्नागिरीत हवं, असं मी म्हणणार नाही. असे रुग्ण मोजके, आणि सरावलेले हात महत्त्वाचे. पण मधल्या तपासण्यांसाठी प्रत्येक वेळी मुंबई गाठायला लागू नये. रत्नागिरीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. मुंबईच्या डॉक्टरांशी बांधलेला पाठपुरावा तिथून व्हावा, ही माझी आग्रहाची मागणी. आणि ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांना एवढंच सांगणं: त्रास नाही म्हणून तपासणी सोडू नका, आणि जुन्या एमआरआयच्या सीडी जपून ठेवा.